पापणीच्या कडेवरचं दुखणं: गोव्यात डोळ्यांच्या रोझेशियासोबत राहताना

डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे आमच्या फोंड्याच्या घरी न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली थिजते. उलटी केली तरी थेंब पडत नाही. आई ती गरम पाण्याच्या तांब्यात ठेवायची आणि पाच मिनिटांत तेल वाहू लागायचं. साडेतीन वर्षं डोळ्यांची जळजळ, लाली आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या रांजणवाड्या सोसल्यावर एका नेत्रतज्ज्ञांनी मला माझा आजार, म्हणजे डोळ्यांचा रोझेशिया, समजावला, तेव्हा हीच बाटली डोळ्यांसमोर आली.

आपल्या पापण्यांच्या कडेत तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. आपण डोळे मिटतो-उघडतो तेव्हा त्यांतून थोडं थोडं तेल बाहेर येतं आणि दुधावर साय धरावी तसं अश्रूंवर पसरतं. ही साय असते म्हणून अश्रू उडून जात नाहीत. रोझेशियात पापणीच्या कडेला कायमची सूज राहते, तेल घट्ट होतं, ग्रंथींची तोंडं बुजतात. साय धरत नाही, अश्रू भराभर सुकतात, डोळा चुरचुरतो. मग डोळा घाबरून एकदम भळभळा पाणी सोडतो. “डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि डॉक्टर म्हणतात डोळा कोरडा आहे, हे कसं?” असं मला अनेकांनी विचारलं आहे. त्याचं उत्तर हे.

मी डॉक्टर नाही. या आजारासोबत राहणारी बाई आहे. खाली औषधांची नावं दिली आहेत ती डॉक्टरांशी बोलताना तुमचा गोंधळ होऊ नये म्हणून. फार्मसीत जाऊन स्वतःच विकत घेण्यासाठी ती दिलेली नाहीत.

पायरी पहिली: हे तेच आहे का, ते पाहा

रोझेशिया हा मुळात चेहऱ्याच्या त्वचेचा आजार. गाल, नाक, कपाळ, हनुवटी लाल होते, तापते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, कधी मुरमांसारखे फोड येतात. पुष्कळांमध्ये तो डोळ्यांतही उतरतो. साधारण पाचांतल्या एकाला डोळ्यांचा त्रास आधी सुरू होतो आणि चेहऱ्याचा मागून येतो. त्यामुळे “माझा चेहरा तर चांगला आहे” एवढ्यावरून हा आजार बाजूला काढता येत नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. पुस्तकांतली चित्रं गोऱ्या कातडीची असतात. सावळ्या चेहऱ्यावर ती लाली सहज दिसत नाही. गाल थोडे काळसर, तपकिरी दिसतात एवढंच. दिसत नसली तरी जाणवते: उन्हातून आल्यावर तासभर गाल धगधगत राहणं, साधी क्रीमही झोंबणं. माझी धग घरचे “उन्हाने तापलीस” म्हणून सोडून देत होते, आणि मीही.

डोळ्यांत काय होतं? सकाळी उठल्यावर वाळू गेल्यासारखं खुपतं. पापण्यांच्या कडा लाल, जाडसर. केसांच्या मुळाशी कोंडा किंवा चिपडं. जळजळ, प्रकाश सहन न होणं, वाचताना अक्षरं धूसर होणं आणि दोनचारदा डोळे मिचकावले की पुन्हा स्वच्छ होणं. वर्षातून दोन-तीन वेळा रांजणवाडी किंवा पापणीत न दुखणारी गाठ. बहुधा दोन्ही डोळ्यांना होतं, आणि महिनोन् महिने कमी-जास्त होत राहतं.

साथीत येतात ते डोळे आठवडा-दोन आठवड्यांत बरे होतात. ॲलर्जीत खाज फार सुटते. जळजळ जास्त, खाज कमी आणि दुखणं जुनाट असेल, तर आरशासमोर उजेडात उभं राहून खालची पापणी हलकेच खाली ओढून तिची कडा पाहा. कडेवर बारीक लाल रेघा, छोट्या पिवळसर टोप्या बसल्यासारख्या किंवा साबणाच्या फेसासारखं काही दिसलं, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पायरी दुसरी: काही सुरू करण्याआधी हे थांबवा

सगळ्यात आधी फार्मसीतून न विचारता आणलेले स्टेरॉइडचे थेंब. डोळे लाल झाले की काउंटरवर सांगायचं आणि जुन्या चिठ्ठीवरची बाटली पुन्हा घ्यायची, ही सवय आपल्याकडे घरोघरी आहे. मलाही होती. त्या थेंबांनी दोन दिवसांत डोळे पांढरेशुभ्र होतात, आणि म्हणूनच ते धोक्याचे. महिनोन् महिने वापरले तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू लवकर येतो. त्याहून तातडीची भीती आपल्या शेतकऱ्यांना आणि माडांच्या बागेत राबणाऱ्यांना आहे. भातकापणीत लोंबी लागली, माडाची झावळ डोळ्याला घासली, तर बुबुळाला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. अशा डोळ्यात स्टेरॉइड घातलं तर बुरशी फोफावते आणि नजर जाऊ शकते. बाटलीवर डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी नाव असेल तर ती स्टेरॉइड आहे. रोझेशियात डॉक्टर स्वतः कधी थोड्या दिवसांसाठी स्टेरॉइड देतात. तेव्हा ते दाब मोजतात आणि बंद करण्याची तारीख ठरवून देतात. आता तुमच्या हातात अशी बाटली असेल आणि खूप दिवस चालू असेल, तर ती घेऊन डॉक्टरकडे जा.

दुसरं, चेहऱ्यावरची “गोरं करणारी” क्रीम. त्यांतल्या अनेकींत स्टेरॉइड असतं. आधी चेहरा तुकतुकीत होतो, मग पातळ आणि लाल होतो, फोड येतात. रोझेशिया नव्हता त्यालाही तसाच आजार जडतो. एकदम सोडली की काही आठवडे चेहरा आणखी पेटतो आणि माणूस घाबरून पुन्हा तीच लावतो. म्हणून ती त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली सोडवावी.

तिसरं, “लाली घालवणारे” थेंब. नॅफाझोलिनसारखं औषध रक्तवाहिन्या आवळतं, परिणाम ओसरला की डोळे आधीपेक्षा लाल. चौथं, पापणीच्या आतल्या कडेला ओढलेलं काजळ. ते थेट ग्रंथींच्या तोंडावर बसतं. मला हे सोडणं सर्वांत जड गेलं. गुलाबपाणी, मध, आईचं दूध, त्रिफळ्याचं पाणी, विहिरीचं पाणी डोळ्यांत घालणंही थांबवा. निर्जंतुक नसलेलं काहीही सुजलेल्या डोळ्यात जाता कामा नये.

पायरी तिसरी: डॉक्टरकडे जाताना

या आजारासाठी रक्ताची अशी कुठली तपासणी नाही की जिचा कागद हातात येईल. डॉक्टर पाहून आणि ऐकून निदान करतात. म्हणून तुम्ही काय सांगता याला मोल आहे. एका वहीच्या पानावर लिहून न्या: त्रास कधी सुरू झाला, किती रांजणवाड्या आल्या, कोणते थेंब वापरले (रिकाम्या बाटल्या किंवा त्यांचे फोटो), चेहरा तापतो का, कशाने वाढतं. डोळे पेटलेले असतील त्या दिवशी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण नेमके तपासणीच्या दिवशी ते शांत असतात.

माझी गाडी अडली होती ती इथे. डोळ्यांचे डॉक्टर डोळे पाहत होते, त्वचेचे डॉक्टर त्वचा, आणि दोघांना एकमेकांची चिठ्ठी दाखवायचं मला सुचलं नव्हतं. शेवटी ज्यांनी निदान केलं त्यांनी आधी माझ्या गालांकडे निरखून पाहिलं. तेव्हा नेत्रतज्ज्ञांना स्पष्ट विचारा: “डॉक्टर, हा डोळ्यांचा रोझेशिया असू शकेल का? माझ्या तेलग्रंथी पाहाल का?” असं विचारण्यात उद्धटपणा नाही.

सरकारी वाटेने जायचं तर बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपल्या गोमेकॉत, नेत्रविभाग आणि त्वचाविभाग एकाच आवारात आहेत, ही मोठी सोय. म्हापसा आणि मडगावची जिल्हा इस्पितळं आहेत, फोंड्याला उपजिल्हा इस्पितळ आहे. काणकोणहून किंवा पेडण्याहून बांबोळी गाठायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, म्हणून निघण्याआधी दोन्ही ओपीडींचे वार विचारून घ्या आणि दोन्ही एकाच फेरीत होतील असं बघा. परतताना डोळे धूसर असू शकतात. बाहुली मोठी करणारे थेंब घातले तर काही तास स्कूटर चालवता येणार नाही. सोबत कुणाला तरी न्या किंवा कदंबाच्या बसने जा.

तपासणीत स्लिट लॅम्पने, म्हणजे उजेडाची तिरीप टाकणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने, पापणीची कडा पाहतात, ग्रंथी हलकेच दाबून तेल कसं येतंय ते बघतात. ते स्वच्छ, पातळ यायला हवं. आजारात ते गढूळ किंवा दंतमंजनाच्या पेस्टसारखं घट्ट येतं. फ्लुरोसिन नावाचा पिवळा-केशरी रंग घालून अश्रूंचा थर किती सेकंदांत फुटतो ते मोजतात. १० सेकंदांच्या आत फुटला तर अश्रू टिकत नाहीत असं धरतात. त्याच रंगाने कॉर्नियावरचे, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावरचे, ओरखडे कळतात. शिर्मर तपासणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं पापणीत ठेवून ती किती ओली होते ते पाहतात. काही ठिकाणी मायबोग्राफी असते. तीत ग्रंथींचा फोटो निघतो. मी तो पाहिला तेव्हा खालच्या पापणीच्या काही ग्रंथी आखूड झालेल्या दिसल्या. झिजलेल्या ग्रंथी सहसा परत वाढत नाहीत. उरलेल्या जपायच्या, एवढं त्या फोटोने मला शिकवलं.

पायरी चौथी: शेक, मालीश, सफाई

लेखातली महत्त्वाची पायरी हीच, म्हणून तिच्यावर जास्त वेळ घालवते. औषध कोणतंही असो, ते याच पायावर उभं राहतं. आणि लोक हीच पायरी अर्धवट करून “काही उपयोग होत नाही” म्हणून सोडतात. मीही दोनदा सोडली होती.

शेक. थिजलेलं तेल वितळायला ऊब हवी आणि ती टिकायला हवी. पापणीला साधारण ४० अंश सेल्सियसची ऊब पाच ते दहा मिनिटं मिळावी लागते. आपण काय करतो? पंचा गरम पाण्यात बुडवतो, पिळतो, डोळ्यांवर ठेवतो. तो दोन मिनिटांत निवतो, आणि उरलेली आठ मिनिटं आपण डोळ्यांवर गार ओलं फडकं घेऊन बसतो. माझ्या घरी मी सहा छोटे सुती रुमाल ओले करून, पिळून, गुंडाळी करून झाकणाच्या भांड्यात गरम ठेवते. एक घ्यायचा, दोन मिनिटांनी टाकून दुसरा. मण्यांनी भरलेला शेकायचा पट्टा मिळतो, तो मायक्रोवेव्हमध्ये गरम करून वापरता येतो आणि ऊब जास्त टिकते. कशानेही शेका, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. तिथे चटका बसला तर पापणीलाही बसेल. पापणीची कातडी शरीरात सर्वांत पातळ आहे. तव्यावर गरम केलेली मिठाची पुरचुंडी, उकडलेलं अंडं, कुकरची वाफ हे प्रयोग नकोत.

रोझेशियात एक पेच आहे: ऊब पापणीला हवी, पण चेहऱ्याला तीच ऊब चेतवते. म्हणून रुमालाची घडी डोळ्यांपुरतीच ठेवा, गालांवर पसरू देऊ नका. तरी चेहरा पेटत असेल तर वेळ पाच मिनिटांवर आणा आणि डॉक्टरांना सांगा.

मालीश. शेक झाल्या झाल्या, तेल पातळ आहे तोवर. हात साबणाने धुवा. डोळा मिटा, तर्जनीने वरच्या पापणीवर वरून खाली, खालच्या पापणीवर खालून वर, म्हणजे दोन्हीकडून केसांच्या कडेकडे हलकेच फिरवा. पाच-सहा वेळा पुरे. जोर लावायचा नाही, बुबुळ दाबायचं नाही. दाबून चोळण्याची सवय लागली तर कॉर्नियाचा आकार बिघडू शकतो.

सफाई. पापण्यांसाठी मिळणारे ओले पुसणे (वाइप्स) किंवा फेस सर्वांत बरे. ते परवडत नसतील तर उकळून गार केलेल्या पाण्यात बेबी शाम्पूचे दोनतीन थेंब घालून, स्वच्छ कापसाने मिटलेल्या डोळ्याच्या केसांच्या मुळांशी आडवं पुसायचं आणि साध्या उकळलेल्या पाण्याने पुन्हा पुसून घ्यायचं. बेबी शाम्पूने काहींच्या पापण्या कोरड्या पडतात, चुरचुरतात. तसं झालं तर सोडा. प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस.

केसांच्या मुळाशी नळीसारखा गुंडाळलेला कोंडा दिसत असेल तर डेमोडेक्स नावाचा माइट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा बारीक किडा, वाढलेला असू शकतो. तो बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगावर असतोच, रोझेशियात त्याची संख्या वाढलेली आढळते. त्यावर टी-ट्री तेलातल्या घटकाचे तयार पुसणे मिळतात. दुकानात मिळणारं निव्वळ टी-ट्री तेल पापणीला लावू नका, डोळा भाजतो.

सुरुवातीला सकाळ-संध्याकाळ, दोन-तीन महिन्यांनी आराम पडला की रोज एकदा. चार-सहा आठवडे धीर धरावा लागतो. मी संध्याकाळचा शेक दिवाबत्ती झाल्यावरच्या वेळेला बांधला. घरात सगळ्यांना ठाऊक झालं की त्या दहा मिनिटांत मला हाक मारायची नाही. पहिल्या आठवड्यात जळजळ थोडी वाढल्यासारखी वाटते, साचलेलं घट्ट तेल बाहेर येतं म्हणून. तेवढ्याने थांबू नका.

पायरी पाचवी: थेंब आणि गोळ्या

कृत्रिम अश्रू म्हणजे कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोज किंवा हायलुरोनेटचे थेंब. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर बाटलीत बेंझाल्कोनियम क्लोराइड हे टिकाऊपणाचं रसायन नको. तेच रोज रोज डोळ्याला टोचतं. “प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री” असं मागा. ते महाग पडतात. जनऔषधी केंद्रात कृत्रिम अश्रूंचे कोणते थेंब आहेत ते विचारून त्यावरची घटकांची नावं वाचा. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच-दहा मिनिटं सोडा. बाटली उघडली की तारीख लिहा, महिन्याने किंवा वेष्टनावर सांगितलं असेल तेव्हा टाका. आणि मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, तिथे ती अक्षरशः शिजते.

पापणीची सूज हटत नसेल तर डॉक्टर ॲझिथ्रोमायसिनचे थेंब किंवा मलम देतात. सायक्लोस्पोरिनचे थेंब (बहुधा ०.०५ टक्के) सूज मुळातून कमी करतात, पण फरक पडायला तीन ते सहा महिने लागू शकतात आणि सुरुवातीला झोंबतात. हे आधी कुणी सांगितलं नाही तर माणूस दुसऱ्या आठवड्यात बाटली ठेवून देतो.

पोटातून घ्यायचं मुख्य औषध डॉक्सीसायक्लिन. पावसाळ्यात लेप्टोच्या, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या, भीतीने शेतात उतरणाऱ्यांना जी दिली जाते तीच ही गोळी. गोव्यात पुष्कळांना ती ओळखीची आहे. इथे तिचा उपयोग जंतू मारण्यापेक्षा सूज शमवण्यासाठी आणि तेल सुधारण्यासाठी होतो, म्हणून मात्रा कमी आणि मुदत लांब: काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत. ती घेताना पेलाभर पाण्यासोबत घ्या आणि अर्धा तास तरी आडवे होऊ नका. अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. लोह, कॅल्शियम आणि आम्लपित्ताच्या गोळ्या तिच्यासोबत नकोत, दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. ती घेत असताना ऊन लवकर भाजतं. मिरामारला दुपारी फिरायचा बेत त्या महिन्यांत नको. गरोदरपणी आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ती देत नाहीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. मुरमांसाठी आयसोट्रेटिनोइन घेत असाल तर ते नक्की सांगा: दोन्ही एकत्र घेतल्यास मेंदूतला दाब वाढण्याचा धोका असतो, आणि आयसोट्रेटिनोइन तेलग्रंथी सुकवतं. गोळी चालू असताना सतत डोकेदुखी आणि धूसर दिसणं सुरू झालं तर त्याच दिवशी कळवा. डॉक्सी चालत नसेल तर ॲझिथ्रोमायसिनचा छोटा कोर्स हा एक पर्याय असतो. हृदयाच्या ठोक्यांचा आजार असल्यास तेही आधी सांगायला हवं.

त्वचेसाठी मेट्रोनिडाझोल जेल, आयव्हरमेक्टिन क्रीम किंवा ॲझेलेइक ॲसिड देतात. ते पापणीवर लावायचे नसतात.

एवढं नेमाने करूनही तीन-चार महिन्यांत फरक नसेल तर आयपीएल, म्हणजे प्रकाशाच्या झोतांचा उपचार, सुचवला जातो. अमेरिकेत २०२१ मध्ये त्याला तेलग्रंथींच्या बिघाडामुळे होणाऱ्या कोरडेपणासाठी मान्यता मिळाली. काही आठवड्यांच्या अंतराने तीन-चार बैठका लागतात, खर्च मोठा असतो. सावळ्या त्वचेवर भाजण्याचा आणि डाग पडण्याचा धोका जास्त. म्हणून तुमच्यासारख्या रंगाच्या त्वचेवर त्यांनी किती वेळा केलं आहे, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर विचारून बघा, पण ती ठरावीक उपचारांच्या यादीवर चालते. महिन्याच्या थेंबांचा खर्च त्यातून सुटेल असं धरून चालू नका.

माशाच्या तेलाच्या कॅप्सूल? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत कोरड्या डोळ्यांच्या ५३५ जणांना वर्षभर रोज ३,००० मिलिग्रॅम ओमेगा-३ किंवा ऑलिव्ह तेल दिलं गेलं. दोन्ही गटांत सारखाच फरक पडला. बांगडा, तारले खा, त्यात ओमेगा-३ भरपूर आहे आणि ते आपल्या ताटातलंच आहे. कॅप्सूलवर मात्र मी तरी पैसे घालणार नाही.

पायरी सहावी: आपलं ऊन, वारा आणि ताट

रोझेशिया चेतवणाऱ्या गोष्टींची यादी वाचली की ती गोव्याचीच वाटते: ऊन, उष्मा, दारू, तिखट, गरम पेय, वारा. घाबरून सगळं एकदम सोडू नका. महिनाभर वहीत रोज दोन ओळी लिहा: आज काय खाल्लं-प्यालं, किती उन्हात होते, डोळे कसे होते. प्रत्येकाचं वेगळं निघतं. माझ्या वहीत खोला मिरचीचं हुमण निर्दोष सुटलं आणि उकळता चहा सापडला. आता चहा कोमट झाल्यावर पिते, तेवढ्याने गाल तापत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये काजूची हुर्राक आणि मग फेणी, या दारूंचं बऱ्याच जणांना लागतं. तुमच्या वहीत तसं दिसलं तर तेवढं सोडा.

ऊन मात्र सगळ्यांनीच टाळावं. रुंद काठाची टोपी आणि बाजूंनीही झाकणारा गॉगल. समुद्राच्या पाण्यावरून आणि वाळूवरून उन्हाची तिरीप खालून येते, ती टोपीने अडत नाही. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं घ्या, ते डोळ्यांत कमी झोंबतं. स्कूटरवर हेल्मेटची काच खाली ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी पूर्वेकडून कोरडा वारा येतो, तेव्हा माझे डोळे मे महिन्यापेक्षा जास्त त्रास देतात. मेच्या दमट हवेत अश्रू टिकतात, पण चेहरा पेटतो. बँकेत, ऑफिसात एसीचा झोत थेट तोंडावर येत असेल तर खुर्ची हलवा. रात्री पंखाही पायांकडून असू द्या.

चवथीत, म्हणजे गणेशचतुर्थीला, धूप-उदबत्तीचा आणि नरकासुराच्या रात्री फटाक्यांचा धूर यांची तयारी ठेवावी लागते. आरतीला मी दाराकडे उभी राहते. शिगम्यात गुलाल उडतो तिथे गॉगल घालून जाते आणि घरी आल्यावर आधी पापण्या पुसते. फोडणीला मिरची पडते तेव्हा खिडकी उघडी हवी.

आणि स्क्रीन. संगणकाकडे, मोबाइलकडे बघताना पापण्या कमी मिटतात आणि अर्ध्याच मिटतात. दर वीस मिनिटांनी डोळे पूर्ण मिटायचे, क्षणभर हलकेच आवळायचे, उघडायचे. असं पाच वेळा. ग्रंथींतलं तेल बाहेर येतं ते पापणी पूर्ण मिटल्यावरच.

लगेच इस्पितळ गाठायची वेळ

जळजळ सोडून खरं दुखू लागलं; उजेडाकडे बघवेनासं झालं; मिचकावूनही धूसरपणा जाईना; बुबुळावर पांढरा ठिपका दिसला; एकच डोळा अचानक फार लाल झाला. यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. रोझेशियात कॉर्नियाच्या कडेला सूज, व्रण होऊ शकतो, त्यावर रक्तवाहिन्या चढू शकतात, क्वचित तो पातळ होऊन फाटतोही. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर काढा आणि सोबत न्या.

आणखी एक गोष्ट, विशेषतः पन्नाशी उलटलेल्यांसाठी. पापणीची गाठ एकाच जागी परत परत येत असेल, तिथले केस गळत असतील किंवा एकाच डोळ्याची कडा औषधांनी बरी होत नसेल, तर तिचा तुकडा तपासायला द्या असं डॉक्टरांना म्हणा. तेलग्रंथीचा कर्करोग असाच गाठीचं रूप घेऊन येतो, आणि तो आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळतो.

मुलांनाही हा आजार होतो. लहान मुलाला वरचेवर रांजणवाडी येते, ते सतत डोळे चोळतं, उजेडात डोळे बारीक करतं. घरचे त्याला “टीव्ही फार बघतोस” म्हणून रागावतात. त्याची पापणी दाखवून आणा.

पुढचे महिने

डॉक्सीचा कोर्स संपला की काही आठवड्यांनी त्रास डोकं वर काढू शकतो. मला पहिल्यांदा तसं झालं तेव्हा वाटलं, सगळं वाया गेलं, आणि मी रडले. ते वाया गेलेलं नसतं; हा आजार दबतो, जात नाही, आणि दबलेला ठेवणं शेक-सफाईच्या हातात असतं. त्रास वाढल्यासारखा वाटला तर तीन गोष्टी करा: शेक पुन्हा दोन वेळा, कृत्रिम अश्रूंची संख्या वाढवा, वहीत तारीख लिहा. दहा दिवसांत ओसरलं नाही तर डॉक्टरांची वेळ घ्या. जुनी चिठ्ठी घेऊन फार्मसीत जाऊ नका.

वर्षातून दोनदा तरी तपासणी असावी, सायक्लोस्पोरिन किंवा स्टेरॉइड चालू असेल तर डॉक्टर सांगतील तेवढ्या वेळा. मोतीबिंदूचं ऑपरेशन किंवा चष्मा घालवण्याचं लेझर ठरत असेल तर सर्जनना रोझेशियाबद्दल आधी सांगा. पापण्या शांत झाल्यावरच ते करणं बरं असतं, आणि कोरड्या डोळ्यात घेतलेली मापंही चुकू शकतात. माझ्या सासूबाईंचं ऑपरेशन याच कारणासाठी सहा आठवडे पुढे ढकललं गेलं. त्या सहा आठवड्यांत संध्याकाळी आम्ही दोघी शेजारी बसून डोळ्यांवर रुमाल ठेवत होतो, आणि भांड्यात सहाऐवजी बारा रुमाल लागत होते.